टॅरिफला टॅरिफनेच उत्तर द्यावं का?

मुक्तवाट:
ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 आणि मग आणखी 25, असं 50 टक्के आयातशुल्क लावलं. तेव्हापासून माझं मन दोन्हीकडे ओढलं जातंय. मी स्वतःला लिबर्टेरियन मानतो. माझ्या कमाईतून मी कोणाकडून काय घ्यावं हे सरकारने ठरवू नये, इतकं साधं माझं म्हणणं. पण समोरचा आपल्या निर्यातदारांचं कंबरडं मोडत असताना हाताची घडी घालून बसायचं? बाबा म्हणतात, जशास तसं केल्याशिवाय कोणी ऐकत नाही. मला त्यांना उत्तर देता आलं नाही. प्रत्युत्तराचं शुल्क आपल्या विचारात बसतं का?

कागदपत्रवाला:
बाबांना कोंबडीची गोष्ट सांगा. 1962 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने स्वस्त अमेरिकन कोंबडीवरचं शुल्क वाढवलं. अमेरिकेने जशास तसं केलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर 25 टक्के शुल्क बसवलं, ते 1964 पासून लागू झालं. बाकीच्या वस्तू पुढे सुटल्या, ट्रक राहिले. कोंबडीचं भांडण कोणाच्या लक्षातही नाही, पण शुल्काच्या आडोशाला तोवर देशी ट्रक उद्योग उभा होता आणि तो आडोसा काढायची कोणाची छाती झाली नाही.

त्यातून काय झालं बघा. फोर्ड कंपनी तुर्कस्तानात बनवलेल्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीट लावून आणायची. तेव्हा प्रवासी गाडीला शुल्क होतं 2.5 टक्के, मालवाहू गाडीला 25. गाडी कस्टम्समधून सुटली की त्या सीट काढून टाकायच्या. सरकारशी वाद होऊन 2024 मध्ये कंपनीने 36.5 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. कोणी कधी बसणारच नाही अशा सीट बनवायला माणसांचे हात आणि दिवस खर्ची पडले, याचं मला फार वाईट वाटतं.

मी वीस वर्षं आयातीची कागदपत्रं करतो. एकदा एका छोट्या कारखान्याची रबरी सील अडकली. तळहातावर मावेल एवढी. रबराची वस्तू म्हणावं तर शुल्काच्या यादीतलं एक हेडिंग, पंपाचा भाग म्हणावं तर दुसरं, आणि दोन्हींचे दर वेगळे. त्या वादात कंटेनर अकरा दिवस पडून राहिला, डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचा आकार, चढत गेलं. मालक माझ्या टेबलासमोर बसून नमुन्याची सील बोटांत फिरवत होते. शुल्क लावून परदेशाला धडा शिकवतो असं आपण म्हणतो, पण एवढ्या वर्षांत ते भरायला माझ्या टेबलासमोर परदेशी माणूस बसलेला मी पाहिलेला नाही. येतो तो आपलाच.

सीमारेषा:
मनापासून लिहिलंय, पण प्रत्येक देश फक्त व्यापार करायला बसलेला नाही. 4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. मोटारींपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सगळं त्यावर अडतं. 2010 मध्ये जपानला हाच चटका बसला होता. तेव्हा जपान सरकारने पैसा घालून ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला उभं केलं. हे काम बाजाराने आपसूक केलं नाही. इथे तुमचं तत्त्व काय सांगतं?

कागदपत्रवाला:
हा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. शत्रू नळ बंद करू शकत असेल, तर सरकारने साठा करावा, दुसरा पुरवठादार शोधावा. संरक्षण हे सरकारचंच काम, असं बहुतेक लिबर्टेरियनही मानतात. पण जपानने काय केलं ते तुम्हीच लिहिलंय: माल येण्याची दुसरी वाट उघडली. पूर्वीची वाट अडवायला आयातशुल्क लावलं नाही. चीनच्या निर्यात कोट्यांविरुद्ध अमेरिका आणि युरोपबरोबर जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, 2014 मध्ये निकाल चीनच्या विरोधात गेला आणि 2015 मध्ये कोटे उठले.

मला शुल्कापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. एका माणसाच्या सहीने दर बदलू लागले की प्रत्येक व्यापारी सवलतीसाठी त्याच्या दारात उभा राहतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी असं लावलेल्या शुल्काला कोर्टात आव्हान दिलं ते वाइन आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीने आणि तिच्यासारख्याच इतरांनी. वकील लिबर्टी जस्टिस सेंटर या लिबर्टेरियन संस्थेचे. 1977 च्या आणीबाणी कायद्याने राष्ट्राध्यक्षांना असा अमर्याद अधिकार मिळत नाही, असं तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने 28 मे 2025 रोजी सांगितलं. आपल्या विचाराची माणसं अशी कामाला लागली की मला बळ येतं.

आणि मुक्तवाट, एकतर्फी दार उघडणं भाबडेपणा नव्हे. मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते रिचर्ड कॉब्डेन यांच्या चळवळीनंतर 1846 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान पील यांनी धान्य कायदे, म्हणजे परदेशी धान्यावरचं शुल्क, रद्द केले, समोरच्याकडून काहीही न मागता. त्यांचा पक्ष फुटला, सरकार गेलं. फ्रान्सशी व्यापार करार झाला तो 1860 मध्ये, वाटाघाटी केल्या कॉब्डेन यांनीच.

मुक्तवाट:
रात्री बाबांना कोंबडीची आणि धान्य कायद्यांची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "1846 ते 1860, ही चौदा वर्षं तिथल्या शेतकऱ्यांनी कशी काढली?" कागदपत्रवाला, याचं उत्तर असेल तर नक्की लिहा. ते वाट बघताहेत.