मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिग्रॅ: हा डोस जास्त आहे का?

रानवारा: आईच्या गोळीवर वरचाच आकडा आहे. थायरॉईडची गोळी सकाळी घेते. दोन्ही एकत्र चालतील?

कणीदार: हजार हे संपूर्ण संयुगाचं वजन. ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम जेमतेम १४ टक्के, म्हणजे हाती १४० मिग्रॅ. लेबलवर 'एलिमेंटल' (म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम) हा आकडा शोधा. मॅग्नेशियम ऑक्साइड या दुसऱ्या प्रकारच्या गोळीत ते ६० टक्के असतं, पण शोषण कमी, म्हणून जुलाब होतात. थायरॉईडची गोळी आणि ही, यांत चार तासांचं अंतर हवंच, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. रात्री जेवणानंतर द्या.

रानवारा: गोळीशिवाय भागेल का?

तीळगूळ: बऱ्याच अंशी. मूठभर (३० ग्रॅम) भोपळ्याच्या सोललेल्या बिया १५० मिग्रॅच्या आसपास देतात, तेवढेच बदाम ८०. भातापेक्षा ज्वारी-बाजरीची भाकरी केव्हाही सरस. तांदूळ पॉलिश करताना कोंड्याबरोबर मॅग्नेशियमही जातं. पालेभाजी उकडून पाणी फेकू नका, आमटीत घाला.

कणीदार: एक महत्त्वाचं राहिलं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी अजिबात नको, मॅग्नेशियम रक्तात साठतं. आणि ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही सांगा, त्यानं मॅग्नेशियम घटू शकतं.