कॉमेट आणि चौकोनी खिडक्या

कॉमेट ही ब्रिटनची सुरुवातीची प्रवासी जेट विमानं. ती प्रवाशांच्या चौकोनी खिडक्यांमुळे पडली, असं बरेच जण म्हणतात. अर्धं बरोबर आहे. जानेवारी १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ पडलेल्या विमानाचे तुकडे समुद्रातून काढले, तेव्हा मुख्य तडा सापडला तो छतावरच्या अँटेनासाठी कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्यात, रिव्हेटच्या भोकापाशी. हवेचा दाब दर उड्डाणात चढणार-उतरणार, पत्रा थकत जाणार.

मला आवडते ती इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातली चाचणी. दुसऱ्या एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत बुडवून आत पाण्याचाच दाब पुन्हापुन्हा दिला. हवा भरली असती तर फुटताना बॉम्बच झाला असता. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे तडा कुठून गेला ते जागेवर दिसतं. खरी आणि टाकीतली मिळून सुमारे ३००० उड्डाणं झाली आणि धड फाटलं.

आमच्या सांगलीत ट्रकच्या बॉडीला तडा गेला की मिस्त्री आधी त्याच्या टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडतो, मग वेल्डिंग. लहानपणी वाटायचं, फाटलंय त्याला आणखी भोक कशाला? खिडकीच्या कोपऱ्यासारखाच तड्याच्या टोकाशीही ताण एकवटतो; टोकदार शेवट गोल झाला की तो पसरतो, तडा पुढे सरकत नाही. (भोक टोकाच्या अलीकडे पडलं तर मेहनत वाया, हेही त्याच मिस्त्रीचं.)