घाट तुमचा, घाट आमचा: पुण्यात स्पोर्ट्स कार बाळगणं हौस की माज?

रांजणगावचा विंचू (धागाकर्ता)

परवा सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला होता. मध्येच एक काका माझ्याकडे हात करून म्हणाले, "उद्या कल्याणीनगरसारखा अपघात झाला की मग बोलू." सभेत कोणी काही बोललं नाही. मीही नाही. घरी येऊन मात्र झोप लागेना, म्हणून हा धागा.

माझं वय ५४. आयुष्य पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेलं. गाडी फियाटची अबार्थ पुंटो, २०१६ची. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि बॉनेटवर विंचवाचं चिन्ह. ही गाडी इटलीहून आलेली नाही, आपल्या रांजणगावात बनली. महागणपतीच्या दर्शनाला जाताना लोक ज्या एमआयडीसीवरून जातात, तिथे. २०१५ला आली तेव्हा किंमत दहा लाखांच्या आत होती. २०१९ला फियाटने इथला गाड्यांचा धंदा आवरला आणि तेव्हापासून एकेका पार्टसाठी मी भंगारवाल्यांशी मैत्री ठेवून आहे.

आमचा चौदा गाड्यांचा क्लब आहे. दोन पोर्शे, एक मस्टँग, बाकी माझ्यासारखे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पावणेसहाला चांदणी चौकाच्या पुढे जमतो. पौड, कोळवण, तिकोना, दुधिवरे खिंड, लोणावळा. नऊला मिसळ, अकराला घरी. रांगेत ओव्हरटेक करायचं नाही. स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढला तर पुढच्या वेळी यायचं नाही. नवीन माणूस पहिल्या दोन रविवारी दुसऱ्याच्या शेजारी बसतो, स्वतःची गाडी आणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की हातात जोरदार गाडी असलेला पोरगा एकटा फिरण्यापेक्षा आमच्यासारख्या चार म्हाताऱ्यांबरोबर फिरलेला बरा. क्लब माणसाला वेगाचं वेड लावत नाही, उतरवतो.

चुकत असेन तर सांगा.

हिशेबनीस

चुकताय, आणि शीर्षकापासून. पुंटो ही स्पोर्ट्स कार नव्हे. पाच दारं, मागे तीन माणसं, डिकीत गॅसची टाकी मावते. पोह्यांवर चीज किसलं म्हणून त्याचा पिझ्झा होत नाही.

आता खऱ्या स्पोर्ट्स कारचा हिशेब. परदेशातून तयार येणाऱ्या महागड्या गाडीवर सीमाशुल्कच ११० टक्क्यांच्या घरात. म्हणजे तिकडे एक गाडी घ्यायची आणि सरकारला एक भेट द्यायची. वर महाराष्ट्राचा वाहनकर: इथे बनलेली वीस लाखांवरची पेट्रोल गाडी असेल तर १३ टक्के, आयात असेल तर २० टक्के. त्याला वीस लाखांची कमाल मर्यादा होती, जुलै २०२५पासून ती तीस लाख झाली. हे चुकवायला लोक पुदुच्चेरीचा पत्ता दाखवतात आणि कोरेगाव पार्कात पीवायची पाटी मिरवतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी दुसऱ्या राज्यात राहिली तर नव्याने नोंदणी करावी लागते, हे त्यांना कोणी सांगत नाही, किंवा सांगितलेलं ऐकू येत नाही. तुमच्या चौदांत अशा पाट्या किती?

रांजणगावचा विंचू

दोन. त्यावरून आमच्यात दर दिवाळीला भांडण होतं. स्पोर्ट्स कार नव्हे म्हणालात ते मात्र मनाला लागलं.

तीनशे शब्द

मी कल्याणीनगरला राहते. माझं नाव कशावरून घेतलंय ते पुणेकरांना सांगायला नको. १९ मे २०२४च्या पहाटे पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरची दोन मुलं गेली. दोघंही चोवीस वर्षांची, मध्य प्रदेशातून इथे नोकरीला आलेली. गाडी चालवणाऱ्या मुलाच्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. आणि त्या गाडीची नोंदणी १,७५८ रुपये भरायचे राहिले म्हणून अडली होती. कोट्यवधींची गाडी, बाकी सतराशे रुपये.

काका, तुम्ही तसे नाही हे मला कळतं. पण त्या रात्रीपासून आमच्या भागात एखादं इंजिन जोरात फुरफुरलं की माझी सासू गॅलरीत येऊन उभी राहते. तुमच्या नियमावलीने तिची भीती जात नाही. सोसायटीतले काका उद्धट बोलले असतील, घाबरून बोलले असतील हेही धरून चाला.

गियरवाली

मी या क्लबात आहे, म्हणून पक्षपाती. माझी पोलो जीटी, तीही चाकणची.

गाडीची मजा वेगात असते हा बाहेरच्यांचा समज. ताशी ऐंशीला सरळ रस्त्यावर कोणतीही गाडी सारखीच वाटते. मजा वळणात आहे. वळण सुरू व्हायच्या आधी ब्रेक मारून झालेला हवा, गियर खाली आलेला हवा आणि मग स्टिअरिंग एकदाच फिरवायचं, मध्ये दुरुस्ती करायची नाही. पन्नासच्या वेगात हे नीट जमलं की जो आनंद होतो, तो पुरणपोळी न फाटता तव्यावर पडल्याचा आनंद आहे. मला दीड वर्ष लागलं. शिकवलं क्लबातल्याच एका आजोबांनी, शेजारी बसून, ओरडून.

आणि क्लबाने काय दिलं ते सांगते. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. ३११७ असेल तर २०१७चा एकतिसावा आठवडा. मी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा नक्षी उत्तम होती, आकडे बघितले तर रबर नऊ वर्षांचं. गाडी विकणाऱ्याने एक शब्द काढला नव्हता. क्लबात आले नसते तर त्याच टायरवर पावसात ताम्हिणी उतरले असते.

पोर्शेवाल्यांचा हेवा करणाऱ्यांसाठी: इंडियन रोड काँग्रेसच्या हिशेबात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या गल्लीतला उंचीला तेवढाच किंवा जास्त आणि रुंदीला पोळपाटाएवढा. तिथे दोन कोटींची गाडी बटण दाबून नाक वर करते, तिरकी होते, गोगलगायीसारखी चढते आणि मागे रिक्षावाला जे बोलतो ते इथे लिहिता येत नाही. माज उतरवायचं काम पुणे महानगरपालिका चोख करते.

पवनाकाठ

मी तुमच्या त्या रस्त्यावर राहतो. तिकोना पेठेच्या अलीकडं.

तुम्ही सगळे टायर, टॅक्स, ब्रेक यावर बोलताय. आमचं दुखणं वेगळं आहे. पहिल्या रविवारी पावणेसात-सातला तुमची रांग येते. तीच आमची दूध डेअरीत घालायची वेळ. एक गाडी गेली तर पोरं पळत बघायला येतात, मीबी बघतो, खोटं कशाला बोलू. पण चौदा गाड्या एकामागं एक, आणि उताराला पाय काढला की मागनं फटाक्यावानी फट्-फट् आवाज. म्हशी बिथरतात. मागच्या पावसाळ्यात वडिलांच्या हातातनं दावं सुटलं, ते चिखलात पडले, कॅन सांडला. गाडी अंगावर आली नाही, वेगबी बेताचाच होता. मग तक्रार कोणाकडं करायची? नियम कुठला मोडला नव्हताच.

उगाच एक

दादा, दुःख समजलं. पण तुमच्या मावळात बैलगाडा शर्यत जोरात असते ना? लाखा-लाखांचे खिलार, डीजे, गुलाल. ती परंपरा आणि आमचा तो माज? वेगाची हौस दोघांनाही आहे, जनावर तेवढं वेगळं.

पवनाकाठ

बरं झालं विषय काढला. माझ्या चुलत्याची जोडी आहे, मी स्वतः गाड्यापुढं घोडी पळवलीय.

आमच्याकडं बैल जिथं पळतो त्याला 'घाट' म्हणतात. तुम्हीबी घाटातच येता. फरक ऐका. आमच्या घाटाला दोन्ही बाजूनं आडोसा असतो, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, अनामत भरावी लागते, जनावरांचा डॉक्टर हजर लागतो. मधली कितीतरी वर्षं शर्यत बंदच होती, मे २०२३ला सुप्रीम कोर्टानं कायदा मान्य केला तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. बैल गावच्या रस्त्यानं घाटाकडं जातो तेव्हा त्याला चालवत नेतात, पळवत नाही. टेम्पोत घालून नेतात. तुमचा घाट म्हणजे माझा डेअरीचा रस्ता. तुमचा तुम्ही वेगळा घाट करा, मी गुलाल घेऊन बघायला येतो.

हिशेबनीस

वा! माझ्या आकड्यांपेक्षा हे भारी. पुस्ती जोडतो: सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विमा पॉलिसीतही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. "आम्ही शर्यत लावत नाही" हे चौदा जणांनी एकाच सुरात सांगितलं तरी.

गियरवाली

वेगळा घाट आहे की. आमच्यातले पाच जण मागच्या वर्षी कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गेले होते. २.१ किलोमीटरचा ट्रॅक, जायला हजार किलोमीटरच्या वर. एका दिवसात ब्रेक पॅड संपले, आणि मी स्वतःला जेवढी हुशार समजत होते तेवढी नाही हेही कळलं. दर महिन्याला नाही जमत. पण पवनादादांचा मुद्दा खोडता येत नाहीये मला.

तीनशे शब्द

विंचूकाका, एक विचारू? "क्लब वेड उतरवतो" म्हणालात. एखाद्याचं उतरलं नाही तर काय करता?

रांजणगावचा विंचू

हे कोणी विचारू नये असं वाटत होतं.

एक मुलगा होता, सत्तावीस वर्षांचा. दुधिवरे खिंडीच्या उतारावर रांग सोडून पुढे गेला, समोरून एसटी आली, कठड्याला गाडी घासून थांबली. कोणाला लागलं नाही. संध्याकाळी आम्ही त्याला ग्रुपमधून काढलं आणि शाबासकी दिल्यासारखे एकमेकांना अंगठे पाठवले. महिन्याभरात त्याने स्वतःचा ग्रुप काढला. ऐकतो की त्यांच्यात सहा-सात गाड्या आहेत. शेजारी बसायची अट वगैरे काही नाही.

पवनाकाठ

ते शनिवारी येतात. रात्री.

रांजणगावचा विंचू

माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांना मी ओळखतो, आज फोन करतो. त्याला परत घ्यावं का यावर आमच्यात दोन तट पडतील, पण घ्यावं असं मला आता वाटायला लागलंय. बाहेर काढून आम्ही आमचा रविवार स्वच्छ केला आणि तुमचा शनिवार घाण.

दादा, डेअरी किती वाजता बंद होते? तुमच्या वडिलांना भेटायला आलं तर चालेल का? गाडी गावाबाहेर लावून येईन.

पवनाकाठ

सव्वासातला. या की. सांडलेल्या दुधाचे पैसे घेऊन येऊ नका मात्र, म्हातारा चिडेल. त्याला तो विंचू बघायचाय, तेवढी गाडी दारात आणा, पण एकच.

उगाच एक

सव्वासातनंतर निघायचं म्हणजे लोणावळ्याच्या पर्यटकांत अडकणं. मग क्लब कशाला, पीएमपीच्या बसने जाऊ.

रांजणगावचा विंचू

आत्ताच ग्रुपवर विचारलं. सव्वासातनंतर तिकोना ओलांडायचा आणि तीन-तीन, चार-चार गाड्यांनी, मध्ये दहा मिनिटं सोडून. नऊ जण हो म्हणाले. तिघांनी वाचून सोडून दिलं. दोघं म्हणतात, दुसरा रस्ता शोधू.

पवनाकाठ

दुसऱ्या रस्त्यालाबी म्हशी आहेत.