एदो किल्ल्याचे १८७१चे फोटो: आकाश कोरं, झाडं काळी, असं का?

जुनी_काच:
जपान सरकारने १८७१मध्ये एदोच्या (आताच्या टोक्योच्या) किल्ल्याचे फोटो काढून घेतले, त्यांच्या प्रती बघतोय. आकाश सगळीकडे कोरं, खंदकाकाठची झाडं काळीकुट्ट. काहींच्या कोपऱ्यात ओघळही दिसतात. कागद खराब झालाय की मुळातलंच? आणि पडका किल्ला टिपायची सरकारला गरज काय होती?

खंदक:
शोगुनशाही, म्हणजे तिथल्या लष्करी सरदारांची राजवट, संपली होती, डागडुजी थांबली होती. निनागावा नोरिताने या सरकारी अधिकाऱ्याने सरकारकडे परवानगी मागितली, की आणखी पडझड व्हायच्या आत नोंद होऊ दे. फोटो योकोयामा मात्सुसाबुरोने काढले. १८७३मध्ये तिथला निशिनोमारू राजवाडा जळाला, म्हणजे वेळेतच झालं म्हणायचं. योकोयामाने १८७२च्या मंदिर-खजिन्यांच्या सरकारी पाहणीतही फोटो काढले.

ओली_प्लेट:
कागदाचा दोष नाही, सगळं निगेटिव्हमधलं आहे. तेव्हाच्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर आयोडाइड-ब्रोमाइड मिसळलेलं कलोडियन (एक चिकट द्रावण) ओतायचं, ते जरा घट्ट झालं की काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात साधारण ३ ते ५ मिनिटं बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो काढून डेव्हलप करेपर्यंत हातात जेमतेम १० मिनिटं, उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणून अंधारा तंबू जवळच लागतो.

हा थर निळ्या उजेडालाच पकडतो. आकाशाच्या जागी निगेटिव्ह गच्च काळी होते, म्हणून प्रिंटवर तिथे कोरा कागद. हिरवा रंग जवळजवळ उमटतच नाही, म्हणून झाडं काळी. आकाश कोरं म्हणजे ढगाळ दिवस, असा अर्थ कृपा करून काढू नका.

ओघळ बहुधा डेव्हलपरचे, म्हणजे काचेवरचं चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे. फेरस सल्फेटचं द्रावण एका झपाट्यात काचभर पसरावं लागतं, हात क्षणभर अडखळला की तिथे रेघ. द्रावणात अल्कोहोल कमी पडलं तर ते पसरतच नाही, तेलकट ओघळ होतात. काचेची कड सुकली की तिथे चांदीचं द्रावण दाट होतं, डाग पडतात.

जुनी_काच:
काही फोटो रंगीत आहेत, ते?

खंदक:
ते रंग चित्रकार ताकाहाशी युइचीने हाताने भरलेत. भिंतींचा, छपरांचा मूळ रंग ठरवायला पुरावा म्हणून धरू नका.

ओली_प्लेट:
१८७१मध्येच होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटाच्या वसाहत खात्याने हाकोदाते शहरातल्या फोटोग्राफर तामोतो केन्झोला नवे रस्ते, इमारती टिपायला लावलं. तेही बघाच. थंडीत डेव्हलपर संथ चालतो, धुवायचं पाणी गोठतं, तरी त्याने काम केलं.