बाबा ७२, आई ६६ : आरोग्य विमा परवडत नाही, सुरुवात कुठून करू?

नदीपलीकडे :
नमस्कार. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टर म्हणतात आज ना उद्या बदलावे लागतील. बाबांना पेन्शन नाही. कमावता मी एकटाच, वर्कशॉपमध्ये. रेशन कार्ड पांढरं, त्यामुळे सरकारी योजना आपल्यासाठी नाहीत असंच घरात सगळे धरून चाललेत.

एका एजंटाने दोघांच्या पाच लाखांच्या पॉलिसीचा जो हप्ता सांगितला, तो माझ्या दोन पगारांहून जास्त आहे. शिवाय तो म्हणतो, फॉर्मवर शुगर लिहू नका, हप्ता कमी बसेल. पाच वर्षं गेली की कंपनी काही विचारू शकत नाही. हे खरं आहे का? आईबाबांपैकी कुणाला दाखल करायची वेळ आली तर कर्ज काढावं लागू नये, एवढंच हवंय.

जुनी_केसपेपर :
मी एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा विभागात नोकरी केली. बिल हातात पडल्यावर मंगळसूत्र गहाण टाकायला निघालेल्या बायका मी पाहिल्यात, आणि त्यातल्या कितीतरी घरांना योजना लागू होत होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक रुपयाही भरण्याआधी बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे मोफत उपचार. आधार लागतं, आणि आधारवरचं वयच धरतात. आयुष्मान ॲपवर घरबसल्या होतं. अडलं तर १४५५५ वर फोन करा.

आईसाठी राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची. २०२३ मध्ये शासनाने ती पांढऱ्या कार्डालाही लागू करायचं ठरवलं आणि मर्यादा कुटुंबामागे पाच लाख केली. पांढऱ्या कार्डाची तुमची समजूत त्या जुन्या काळातली आहे. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात योजनेच्या कामात मदत करणारा आरोग्यमित्र बसतो. गुडघे बदलायचे तर आधी त्याला भेटा आणि विचारा, हे ऑपरेशन इथे योजनेत होतं का? काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा : दाखल होतानाच कार्ड दाखवायचं. उपचाराला मंजुरी आधी घ्यावी लागते. पैसे भरून ऑपरेशन उरकलं आणि मग योजना सांगितली, तर ते पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं होतं. आमच्याकडे लोक यातच सगळ्यात जास्त अडकायचे.

योजनेत न बसणारा आजार निघाला तर धर्मादाय रुग्णालय. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम ४१ ककखालच्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा; रुग्ण आत असताना तहसीलला धावणं फार वाईट. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. मागितली तर घाबरू नका, समाजसेवा विभागात जा, तिथे दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांकडे लेखी तक्रार करा.

शेवटची_लोकल :
एजंटाचं ऐकू नका. पाच वर्षांचा नियम आहे, पण फसवणूक सिद्ध झाली तर तो तुम्हाला वाचवत नाही. आणि पाच वर्षांच्या आत दाखल व्हावं लागलं तर? केसपेपरवर डॉक्टर पहिल्या ओळीत लिहितात, ‘दहा वर्षांपासून मधुमेह’. क्लेम तिथेच नाकारला जातो. खरं लिहिलं तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, पुढे तो पॉलिसीत येतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. त्याने सांगितलेल्या आकड्यात १८ टक्के धरलेत का, तेही विचारा.

नदीपलीकडे :
खूप आभार दोघांचे. बाबांचं कार्ड निघालं! आईला आरोग्यमित्राकडे नेतो. तरी आईपुरती छोटी पॉलिसी घ्यावी असं वाटतं, योजनेबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर. आरोग्य संजीवनी कशी आहे?

जुनी_केसपेपर :
ताई म्हणून सांगते, कार्ड निघालं हे वाचून बरं वाटलं.

आरोग्य संजीवनी चांगली. सगळ्या कंपन्यांच्या अटी सारख्याच, त्यामुळे फक्त हप्ता आणि क्लेमचा अनुभव ताडून पाहायचा. पण खोलीच्या भाड्याची अट समजून घ्या. विमा रकमेच्या २ टक्के, तेही दिवसाला ५,००० पर्यंतच. समजा तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर वरचे ३,००० भरले की सुटलो असं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाशी बांधलेले खर्चही त्याच प्रमाणात कापतात. त्या खर्चांचे १,६०,००० झाले तर कंपनी १ लाख धरते, आणि त्यातलेही ५ टक्के तुमच्याकडे. औषधं आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत. नातेवाईक म्हणतील चांगली खोली घ्या, आईला त्रास नको. तेव्हा तुम्ही ठाम राहा, मर्यादेतलीच खोली मागा.

गुडघ्यांसाठी प्रतीक्षा काळ लागणारच, म्हणून ते ऑपरेशन पॉलिसीच्या भरवशावर ठेवू नका, योजनेतूनच बघा. फॉर्म स्वतः वाचून भरा, एजंटाच्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्या दिवसांत आईचे आजार त्यात बरोबर नोंदलेत का ते तपासा.

बाबांच्या रोजच्या गोळ्या या कार्डावर मिळणार नाहीत, ते दाखल झाल्यावरच चालतं. त्यासाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे बऱ्याच स्वस्त मिळतात. आईच्या बाबतीत आरोग्यमित्र काय म्हणाला ते इथे नक्की लिहा, गरज पडली तर अर्ज कसा करायचा ते मी सांगेन.