सस्पेन्शनचे आफ्टरमार्केट भाग बसवल्यानंतर येणारे आवाज : आपण ते कसे शोधले?

मूळ कंपनीच्या भागांऐवजी आफ्टरमार्केट शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंग, बुश (सांध्यातली रबरी किंवा प्लास्टिकची गादी) किंवा लिंक रॉड बसवले की गाडीची पकड सुधारू शकते, पण पुष्कळदा त्यांच्याबरोबर एक नवा आवाजही घरी येतो. तो कशामुळे येतो हे ठरवण्यात वेळ जातो आणि अंदाजाने एकामागून एक भाग बदलत राहिले तर पैसाही जातो, म्हणून हा अनुभव धागा काढत आहे. एकच विनंती आहे : आवाज ‘पुढून डावीकडून येतो’ एवढ्यावर न थांबता तो चाकाच्या कोणत्या हालचालीत येतो, हे अवश्य लिहावे. गाडीच्या पत्र्यातून आवाज इतका सहज पसरतो की उजव्या चाकापाशी होणारी ठकठक डावीकडे बसलेल्या माणसाला आपल्या पायाखाली ऐकू येते. त्यामुळे या कामात मी कानावर फारसा विश्वास ठेवत नाही.

सुरुवात मीच करतो. माझ्या गाडीला कमी उंचीच्या स्प्रिंगा आणि त्यांच्याबरोबर आखूड लिंक रॉड बसवले होते. एकच चाक खड्ड्यात गेले की ‘ठक्’ असा कोरडा आवाज येई, पण गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढली की काहीच ऐकू येत नसे. लिंक रॉड ज्याला जोडलेले असतात तो स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) दोन चाके वेगवेगळी वरखाली झाली तरच पिळला जातो. दोन्ही एकत्र उचलली गेली तर तो आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो. हा फरक लक्षात आल्यावर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून मोकळ्या जागेत अगदी हळू गाडी चालवून पाहिली, तेव्हा आवाज पूर्ण थांबला. रॉड हातात घेतल्यावर नटाखालच्या भागात घासून चकचकीत झालेले एक कडे दिसले. नट आवळताना स्टडही (रॉडच्या टोकाचा आटे असलेला खिळा) त्याच्याबरोबर फिरत राहिला होता, त्यामुळे पाना घट्ट लागला तरी सांधा बसलेलाच नव्हता. स्टडच्या टोकाला अ‍ॅलन की लावून तो धरून ठेवला, नट ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळला आणि प्रश्न मिटला.

* * *

माझा आवाज गाडी उभी असतानाच येत असे. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे वळवले की मध्येच ‘टण्ण’ असा, ताणलेली तार सुटल्यासारखा आवाज होई आणि स्टिअरिंगला हलका झटका बसे. मी गाडीत बसून स्टिअरिंग फिरवले आणि माझ्या भावाने बाहेरून स्प्रिंगच्या एका वेढ्यावर बोटे टेकवून ठेवली (दोन वेढ्यांच्या मध्ये बोट घालू नये, हे सांगायला हवेच). स्प्रिंग आधी थोडी पिळली जाते आणि मग एकदम सुटते, हे त्याच्या बोटांना स्पष्ट कळले. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये चाक वळते तेव्हा स्ट्रट (म्हणजे शॉकचा उभा खांब) आणि त्यावरची स्प्रिंगही वळतात, आणि त्यांना वळू देण्यासाठी टॉप माउंटखाली (खांबाचे वरचे टोक गाडीला जोडणाऱ्या भागाखाली) एक बेअरिंग असते. आमच्या गाडीत नव्या माउंटमधले हे बेअरिंग उलटे बसवलेले निघाले. शिवाय स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीवरच्या खाचेला टेकलेले नव्हते. हे काम आम्ही वर्कशॉपमध्येच करून घेतले, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर होणारी इजा किरकोळ नसते.

* * *

पॉलियुरेथेनच्या बुशांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तक्रारी सर्वाधिक त्यांच्याच ऐकतो. गाडी हळू असताना, विशेषतः कोरड्या हवेत, जुन्या दाराच्या बिजागरीसारखी लांब कुरकुर ऐकू येत असेल तर पहिला संशय यांच्यावरच घ्यावा. मी एका वेळी एकाच बुशवर पाण्याचा फवारा मारून गाडी दाबून पाहिली. ज्या बुशवर पाणी पडल्यावर कुरकुर थांबली आणि वाळल्यावर परत आली, तोच दोषी ठरला. सगळ्यांवर एकदम फवारा मारला तर आवाज जातो, पण कळत काहीच नाही.

रबरी बुशमध्ये आतली नळी रबराला चिकटवलेली असते आणि रबर पिळले जाऊन हालचाल सामावून घेते. पॉलियुरेथेनच्या बहुतेक बुशांमध्ये मात्र नळी प्रत्यक्ष आत फिरते, म्हणून तिथे उत्पादकाने दिलेले किंवा सिलिकोनवर आधारित दाट ग्रीस भरपूर लावावे लागते. साधे पेट्रोलियम ग्रीस शेजारच्या रबरी भागांना लागले तर नैसर्गिक रबर फुगते, म्हणून हाताला येईल ते ग्रीस फासण्याचा मोह टाळावा.

* * *

वरच्या प्रतिसादातील रबरी बुशच्या मुद्द्याला जोडून लिहिते. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदलल्यावर गाडीतून करकर येऊ लागली आणि पुढची बाजू किंचित उंच दिसू लागली. वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर असताना, म्हणजे चाके खाली लोंबकळत असतानाच, आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले होते. अशा वेळी बुश त्या स्थितीत जखडला जातो आणि गाडी चाकांवर उभी राहिली की रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते. ते आवाज करते आणि लवकर फाटतेही. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर चढवून, तिचे वजन चाकांवर असताना, तेच बोल्ट सैल करून पुन्हा टॉर्क रेंचने आवळले. नवा भाग एकही लागला नाही. बुश बदलून आणणाऱ्या प्रत्येकाने ‘बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले?’ हा प्रश्न विचारावा, असे मला वाटते.

* * *

माझे प्रकरण छोटे आहे. खराब रस्त्यावर होणारी खडखड नव्या शॉकमुळेच आहे, असे सगळेच म्हणत होते. त्याच रस्त्यावर ब्रेक अगदी हलका दाबून धरला आणि खडखड थांबली. शॉक काढताना ब्रेकची नळी आणि कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) बाजूला केले होते, त्या वेळी पॅडची एक क्लिप परत बसली नव्हती.

* * *

कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेला, उंची बदलता येणारा जोड) बसवणाऱ्यांसाठी : गाडी जॅकवर घेतल्यावर स्प्रिंग हाताने हलते का ते पाहावे. चाक पूर्ण खाली गेल्यावर स्प्रिंग सैल पडत असेल, तर उंचवट्यावरून उतरताना ती पुन्हा बैठकीवर बसते आणि ‘धप्’ आवाज होतो. त्यावर प्रीलोड (स्प्रिंगला बसवतानाच दिलेला दाब) नीट लावणे किंवा हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग सैल पडू न देणारी छोटी स्प्रिंग) घालणे हा उपाय आहे. स्प्रिंगची बैठक जागेवर धरणारी लॉक रिंगही तपासावी. आवाज फक्त मोठ्या खड्ड्यात येत असेल तर शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधून फेरी मारावी, म्हणजे तो सरकून जिथे थांबेल तिथवर शॉक दबला हे कळते आणि बम्प स्टॉपपर्यंत (शॉक पूर्ण दबू न देणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) मजल जाते की नाही, याचा वाद उरत नाही.

मात्र प्रत्येक आवाज म्हणजे दोष, असेही समजू नये. टॉप माउंटमध्ये रबराऐवजी धातूचा गोलाकार सांधा असेल तर रस्त्याचा खडबडीतपणा आत ऐकू येणारच. शॉकमधल्या व्हॉल्व्हमधून तेल जाताना होणारी हलकी सुस्कार मीही सुरुवातीला कान देऊन ऐकत असे. आता तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

* * *

माझा आवाज अजून सापडलेला नाही. रिव्हर्स घेऊन थांबल्यावर पुढे निघताना एकदाच ‘ठक्’ होते, पुन्हा रिव्हर्स घेईपर्यंत काही नाही. खड्ड्यांचा त्याच्याशी संबंध दिसत नाही. लोअर आर्म आणि त्यांचे बुश नवे आहेत, लिंक रॉड काढून पाहिले, फरक पडला नाही.

* * *

दिशा बदलल्यावर एकदाच ठोका पडतो, याचा अर्थ एखादा भाग एका बाजूला सरकून तिथे टेकतो आणि उलट दिशेचा जोर आल्यावर परत येतो. आर्म बदलताना सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसतात ती चौकट) सैल केली होती का, हे आधी विचारून घ्या. मग सबफ्रेमच्या आणि लोअर आर्मच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर जाईल अशी रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि काही दिवस गाडी नेहमीप्रमाणे वापरा. गाडी स्टँडवर घेऊन पाहाल तेव्हा, नुसत्या जॅकवर नव्हे, जिथे रेघ तुटलेली दिसेल तिथे टॉर्क रेंच लावा. सगळ्या रेघा शाबूत असतील तर इंजिन माउंटकडे वळा, कारण गिअर बदलताना इंजिनही तसेच मागेपुढे झुकते.