मदत हवी आहे: लोणारच्या जिवाणूचं जनुक झाडात घातलंय, भारतात पेटंट मिळेल का?

सरोवरकाठ:
नमस्कार मंडळी. विषय जरा किचकट आहे, पण इथे पेटंटवाले आणि लॅबवाले दोन्ही वावरतात म्हणून विचारतेय.

मी विदर्भातल्या एका कॉलेजात बायोटेकमध्ये पीएचडी करते. लोणार सरोवराच्या काठच्या गाळातून (वनखात्याची परवानगी काढून, अभयारण्य आहे ते) आमच्या लॅबने एक बॅसिलस जातीचा जिवाणू वेगळा केला. खारट आणि अल्कधर्मी पाण्यात मजेत वाढतो. त्यातलं एक छोटं जनुक मी घेतलं. त्याचं प्रथिन ‘कोल्ड शॉक’ घराण्यातलं आहे. थंडी पडली की पेशीतल्या आरएनएला गाठी बसतात आणि प्रथिनं बनवायचं काम अडतं. हे प्रथिन आरएनएला चिकटून त्या गाठी पडू देत नाही. बॅसिलस सबटिलिसचं सीएसपीबी हे याच घराण्यातलं, ६७ अमिनो आम्लांचं. आमचं त्याच्याशी बरंच जुळतं, फक्त शेवटी एक जास्तीचं शेपूट आहे.

ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जिवाणूत घातलं तर मीठ जास्त असलेल्या माध्यमात तो बरा वाढतो. मग तंबाखूत घातलं. मिठाचं पाणी दिलेल्या कुंड्यांत रिकामा वेक्टर (जनुक वाहून नेणारा डीएनए, पण आमच्या जनुकाशिवाय) घातलेल्या झाडांची खालची पानं कडेने करपत आत येतात आणि देठाशी पिवळी पडतात. आमच्या झाडांची पानं तेवढ्याच मिठात हिरवी राहतात.

आता अडचण. गाईड सर म्हणतात, पुढच्या परिषदेत पोस्टर लाव, पेटंटचं नंतर बघू. कॉलेजचा आयपीआर (बौद्धिक संपदा) सेल म्हणतो, झाड आलं म्हणजे पेटंट कायद्याचं कलम ३(जे) लागतं (झाडं, प्राणी आणि निव्वळ जैविक प्रक्रियांना पेटंट नाही), तेव्हा नाद सोडा. मोन्सॅन्टो या बियाणं कंपनीचंही असंच काहीतरी फेटाळलं गेलं होतं असं ऐकलंय. ते याच कारणाने का? आणि लोणारचा नमुना आहे म्हणून वेगळी परवानगी लागते का? कुणी या रस्त्याने गेलं असेल तर सांगा प्लीज.

वऱ्हाडी_कास्तकार:
ताई, पेटंट गेलं चुलीत. आमच्या खारपाणपट्ट्यात हे कधी येते ते सांगा. अन् तंबाखूत काहून घातलं? हरभऱ्यात घाला नं बाप्पा.

सरोवरकाठ:
दादा, तंबाखूत जनुक घालणं सोपं जातं म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. शेतात न्यायचं तर जीईएसीची (जनुक बदललेल्या पिकांबद्दल ठरवणाऱ्या केंद्राच्या समितीची) मंजुरी लागते. आम्ही अजून कुंडीतच आहोत.

दावेदार:
ताई, सगळ्यात आधी ते पोस्टर थांबवा. अर्ज दाखल होईपर्यंत अ‍ॅब्स्ट्रॅक्टसुद्धा पाठवू नका. कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती इतकी अरुंद आहे की तिच्या भरवशावर बसणारा अशील आला की माझ्या पोटात गोळा येतो. युरोपात तर ती चालतच नाही. त्यापेक्षा प्रोव्हिजनल अर्ज (तारीख पकडून ठेवणारा तात्पुरता अर्ज) टाका. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन १६०० रुपये पडतात, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. सकाळी अर्जाचा नंबर आला तर संध्याकाळी खुशाल पोस्टर लावा. प्रबंधाचंही तेच, शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) चढला की जगजाहीर झाला.

आता मोन्सॅन्टो. अर्ज क्रमांक २४०७/डीईएलएनपी/२००६. दावा असा होता की कोल्ड शॉक प्रथिनाचं जनुक झाडाच्या पेशीत घालून उष्णता, क्षार किंवा दुष्काळ सोसणारं झाड तयार करायची पद्धत. प्रथिनं कुठली, तर ई. कोलायचं सीएसपीए आणि बॅसिलस सबटिलिसचं सीएसपीबी. म्हणजे तुमच्याच भावकीतली! पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरने अर्ज नाकारला, अपील आयपीएबीपुढे (बौद्धिक संपदेच्या तेव्हाच्या अपील मंडळापुढे) गेलं आणि ५ जुलै २०१३ ला निकाल लागला. तुमच्या आयपीआर सेलला हा निकाल जरूर वाचायला द्या, कारण ३(जे)चा आक्षेप मंडळाने उडवून लावला होता. झाडाच्या पेशीत माणसाने मुद्दाम बदल केलाय, ही काही आपोआप होणारी जैविक प्रक्रिया नाही, असं म्हटलं. अर्ज पडला तो इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारं नावीन्य) आणि ३(डी) (माहीत पदार्थाचा नुसता नवा वापर) वर. प्रथिन आधीच माहीत, त्याचं काम माहीत, ते झाडात वापरलंत एवढंच, असा एकंदर सूर.

गंमत बघा, त्याच सीएसपीबीचा मका (एमओएन ८७४६०) अमेरिकेच्या कृषी खात्याने डिसेंबर २०११ मध्ये लागवडीला मोकळा केला होता आणि २०१३ मध्ये तो ड्राउटगार्ड नावाने तिथल्या बाजारात आला. तिकडे माल विकला जातो म्हणून इकडे पेटंट मिळेल असं काही नसतं. सेमिनारात आनंद चक्रवर्तींचा १९८० चा अमेरिकेतला खटला (बदललेल्या जिवाणूला पेटंट मिळालं तो) सांगून टाळ्या घेणारे बरेच भेटतात, आपल्या परीक्षकापुढे त्याचा फारसा उपयोग नाही.

तेव्हा तुमचा परीक्षक काय विचारेल ते आत्ताच ओळखा. सीएसपीबीने हे होतं हे ठाऊक होतं, मग लोणारचा जिवाणू घेतलात यात नवल ते काय? याचं उत्तर आकड्यांत हवं. दाव्यांत अख्खं झाड, बी, पान काही लिहू नका, तिथे मात्र ३(जे) सरळ लागतं. जनुक निसर्गात आहे तसं मागितलंत तर ३(सी), म्हणजे निसर्गातली गोष्ट नुसती सापडली म्हणून पेटंट नाही. उरतं ते बदललेला क्रम, प्रोमोटरसकट (जनुक चालू करणाऱ्या तुकड्यासकट) कन्स्ट्रक्ट म्हणजे जोडून बनवलेला डीएनए, तो घातलेला ई. कोलाय, आणि पद्धत.

लोणारबद्दल: गाळातला जिवाणू म्हणजे जैविक संसाधन, त्यामुळे चेन्नईच्या जैवविविधता प्राधिकरणाशी गाठ आहेच. पण जैवविविधता कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, तेव्हापासून भारतीय संस्थेला पेटंट हातात पडण्याआधी नोंदणी केली की भागतं. परवानगी व्यापारी वापराच्या वेळी लागते. परदेशी भागीदार असेल तर गणित वेगळं. नमुना कुठला हे अर्जात लिहावंच लागतं.

पेट्रीडिश:
दावेदारांनी कायदा सांगितला, मी प्रयोगाचं बोलते. रिकामा वेक्टर हा कंट्रोल (तुलनेसाठीची झाडं) इथे पुरणार नाही. सबटिलिसचं सीएसपीबी त्याच प्रोमोटरखाली, त्याच तंबाखूत घाला आणि शेजारी शेजारी वाढवा. तुमचं त्याच्यापेक्षा सरस ठरलं तरच बोलायला जागा आहे. दुसरं, शेपूट कापलेली आवृत्ती बनवा. शेपूट गेल्यावर फायदा गेला तर तुमच्या हाती खरोखर काहीतरी आहे. एकाच ओळीवर (जनुक घातलेल्या एकाच झाडाच्या वंशावर) विसंबू नका, जनुक कुठे जाऊन बसलं यानेही फरक पडतो. वेगवेगळ्या स्वतंत्र ओळी घ्या.

आणि जिवाणू ठेवायचा तर पुण्याच्या एनसीएमआरमध्ये (सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या राष्ट्रीय केंद्रात) ठेवा, पण फॉर्म भरताना बुडापेस्ट करारानुसारचं (पेटंटसाठी सूक्ष्मजीव ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचं) डिपॉझिट निवडा. साधं डिपॉझिट पेटंटसाठी चालत नाही. आमच्या लॅबमध्ये यावरून दरवेळी गोंधळ होतो.

दावेदार:
+१. पूर्ण क्रम अर्जात दिलात तर जनुक कुणीही बनवून घेऊ शकतं, मग डिपॉझिट अडणार नाही. जिवाणूशिवाय शोध पुन्हा करता येत नसेल तर मात्र अर्जाच्या तारखेपर्यंत डिपॉझिट झालेलं पाहिजे.

सरोवरकाठ:
खूप आभार दोघांचे. सरांना निकालाची प्रत दिली. ‘बघू’ वरून ‘प्रोव्हिजनलचा मसुदा आण’ इथपर्यंत गाडी आली आहे. सीएसपीबीचं कन्स्ट्रक्ट लॅबमध्ये आहेच, ते झाडात घालायला घेते. शेपूट कापलेलं मात्र अजून क्लोनिंगमध्येच आहे. निकाल हातात नसताना त्याचा उल्लेख प्रोव्हिजनलमध्ये केला तर चालेल का?

दावेदार:
चालेल, जरूर करा. फक्त केल्यासारखं लिहू नका, ‘असं करता येईल’ या भाषेत लिहा. शेपटाची लांबी, कुठे कापणार, कुठले अमिनो आम्ल बदलणार, सगळं तपशिलात येऊ द्या. प्रोव्हिजनलमध्ये जे नसेल त्याला नंतरचीच तारीख मिळते. त्या शेपटाचे आकडे हाती आले तरी पूर्ण अर्ज जाईपर्यंत कुठल्याही पोस्टरवर टाकू नका, सरांनी कितीही आग्रह केला तरी.